समोरच्या काचेवर वेग आणि वळण: हेड-अप डिस्प्ले बसवताना

ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना मोबाइलमधल्या नकाशाकडे दोन सेकंद पाहिले, तरी तेवढ्यात गाडी सुमारे 33 मीटर पुढे गेलेली असते. वेग आणि पुढचे वळण समोरच्या काचेवर उमटवणारा हेड-अप डिस्प्ले जुन्या गाडीतही बसवता येतो, मात्र यंत्र निवडताना थोडा विचार करावा लागतो.

जीपीएसवर चालणारे यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून वेग काढते. त्यामुळे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील भाताण किंवा कामशेतच्या बोगद्यात त्याचा आकडा अडकतो किंवा नाहीसा होतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गॅरेजमध्ये गाडीतला बिघाड तपासण्यासाठी वापरतात त्या जोडणीला) जोडायचे यंत्र गाडीच्याच संगणकाकडून वेग घेत असल्याने ते बोगद्यातही चालते. घाटात नेहमी जाणाऱ्याने हेच घ्यावे. त्याची वायर पेडलपाशी लोंबकळू देऊ नये आणि यंत्र एअरबॅगच्या झाकणावर ठेवू नये.

जागा ठरवण्याचे काम रात्री, गाडी उभी करून करावे. नेहमीसारखे सीटवर बसून यंत्र डॅशबोर्डवर पुढेमागे सरकवावे आणि आकडा बॉनेटच्या कडेच्या किंचित वर दिसू लागला की तेथे खूण करून मगच ते चिकटवावे. या वेळी एकाच आकड्याच्या दोन प्रतिमा, एकीवर एक सरकल्यासारख्या, दिसण्याची शक्यता असते, कारण काचेचा आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पृष्ठभाग प्रकाश परावर्तित करतात. यंत्रासोबत मिळणारी पारदर्शक फिल्म आतून लावल्यास दुसरी प्रतिमा फिकी पडते. परंतु समोरच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियम असल्याने गडद फिल्म टाळावी. त्यापेक्षा स्वतःची छोटी काच असलेले यंत्र मला अधिक पसंत आहे. 2022 पासूनच्या बलेनो आणि ब्रेझाच्या वरच्या मॉडेलांतही अशीच वेगळी काच असते.

पडद्यावर वेग, वळणाचा बाण आणि अंतर एवढेच ठेवून इंजिनाचे तापमान, व्होल्टेज वगैरे बंद करावे. दिवसा आकडा अंधुक दिसल्यास आधी गॉगल काढून पाहावा; पोलराइज्ड (चकाकी कमी करणाऱ्या) गॉगलमुळे असे होते, हे ठाऊक नसल्याने मी चांगले यंत्र दुकानात परत घेऊन गेलो होतो. गाडी काही दिवस उभी राहणार असेल, तर बॅटरी उतरू नये म्हणून ओबीडीची जोडणी काढून ठेवावी.