आई-बाबांची सीट निवडताना

नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबई विमानतळ गाठेपर्यंतच पाय आखडतात. पुढे न्यूयॉर्कचे पंधरा-सोळा तास. म्हणून मुलांकडे निघालेल्या आमच्या इंदिरानगरातल्या काका-काकूंना मी आधी विचारते, "विमान कोणतं आहे?"

एअरबस ए३३० मध्ये इकॉनॉमीला बहुतेक २-४-२ अशी रचना असते, म्हणजे एका ओळीत खिडकीकडे दोन-दोन आणि मध्ये चार सीट. जोडप्याने कडेच्या दोन सीट घ्याव्यात. शेजारी तिसरं कुणी नाही. बोइंग ७७७ मध्ये आता बऱ्याच कंपन्या ३-४-३ बसवतात, सीट जेमतेम १७ इंच रुंद. तरी शेपटाकडे विमान निमुळतं होतं, तिथे शेवटच्या काही ओळींत कडेला दोनच सीट मिळतात. ए३५० मध्ये ३-३-३ असेल तर सुमारे १८ इंच. एक इंच ऐकायला थोडा वाटतो, पण खांद्यांना रात्रभर कळतो.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी मी आइल सीटच, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेलगतची, घेते, त्यातही मधल्या चारांपैकी कडेची. आतल्यांना दुसऱ्या बाजूनेही उठता येतं, त्यामुळे झोपमोड कमी. पायांना जागा मिळते म्हणून ज्येष्ठांनी एक्झिट रो, म्हणजे आणीबाणीच्या दाराजवळची ओळ, मागू नये. आणीबाणीत मदत करू शकणाऱ्या धडधाकट माणसांनाच ती देतात. सर्वांत पुढच्या ओळीत ट्रे सीटच्या हातात दुमडलेला असतो, म्हणून तो हात वर उचलता येत नाही, आणि तान्ह्या बाळांचे पाळणेही तिथेच लागतात. हेलकाव्यांची भीती असेल तर पंखांजवळ बसा. टॉयलेटलगतची ओळ मात्र नकोच.

सीट तिकिटासोबतच पक्की करा आणि आदल्या दिवशी पुन्हा तपासा. विमान बदललं तर सीटही बदलू शकते.