कागद घरी ठेवून जिओकॅशिंग: हातातले जीपीएस यंत्र कसे निवडावे

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा अक्षांश-रेखांशांच्या आधारे शोधून काढणे, त्यातील नोंदवहीत आपले नाव व तारीख लिहिणे आणि डबा होता तसा परत ठेवणे. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, त्यामुळे शंभर मीटरांपर्यंत भरकटणारी यंत्रे दहा-वीस मीटरांत जागा दाखवू लागली, आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात पहिला डबा लपवला गेला. त्यानंतर कित्येक वर्षे शोधकांची रीत ठरलेली होती: प्रत्येक कॅशचे, म्हणजे लपवलेल्या डब्याचे, संकेतस्थळावरील पान घरी छापायचे, आकडे यंत्रात भरायचे आणि कागदांची चळत पाठपिशवीत घालून निघायचे. २००८ च्या सुमारास कॅशचे संपूर्ण पान यंत्राच्याच पडद्यावर वाचता येईल अशी यंत्रे आली आणि कागद मागे पडला. जून ते सप्टेंबर या काळात राजगडाच्या वाटेवर छापील कागदाचा लगदा व्हायला अर्धा तासही लागत नाही, हे अनुभवलेल्या पुण्याच्या शोधकाला या सोयीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

फोन असताना वेगळे यंत्र कशाला, हा प्रश्न रास्त आहे. शोध फक्त पेठांत, बागांत आणि शहरालगतच्या टेकड्यांवर होणार असेल, तर चांगला फोन पुरेसा आहे आणि मी तसाच सल्ला देतो. मात्र सिंहगडाच्या पलीकडे, वेल्हे-भोर भागात दिवसभर फिरायचे असेल, तेथे नेटवर्क जाते, उन्हात पडदा दिसत नाही आणि परतीच्या वाटेवर संपर्कासाठी राखून ठेवायची बॅटरी दुपारीच संपते. अशा भटकंतीसाठी स्वतंत्र यंत्र घ्यावे आणि फोन पिशवीत बंद करून ठेवावा.

खरेदीत सर्वांत मोठी फसगत ‘जिओकॅशिंगची सोय आहे’ या वाक्याने होते. जुन्या अनेक यंत्रांत या सोयीचा अर्थ इतकाच असतो की, नकाशावर साध्या खुणेऐवजी डब्याचे चित्र दिसते आणि कॅश सापडल्यावर तो डबा उघडा झालेला दाखवला जातो. त्याला पेपरलेस, म्हणजे छापील कागदाची गरज न ठेवणारे, म्हणता येत नाही. पेपरलेस यंत्रात कॅशचे पूर्ण वर्णन, डब्याचा आकार, १ ते ५ या मोजपट्टीवरील शोधाची व वाटेची काठिण्यपातळी, हिंट आणि आधीच्या शोधकांच्या अलीकडच्या नोंदी हे सारे वाचता आले पाहिजे. शिवाय ‘सापडला’ किंवा ‘सापडला नाही’ अशी नोंद जागेवरच करून ठेवता आली पाहिजे. यांतील आधीच्या नोंदींना नवखे शोधक कमी लेखतात. प्रत्यक्षात मागच्या तीन जणांना डबा सापडलेला नाही, ही एक ओळ यंत्रात वाचता आली तर तासभर काटेरी झुडपे चाळण्याचा त्रास वाचतो.

ही माहिती यंत्रात कशी शिरते, हे समजून घेतल्याशिवाय यंत्र पारखता येत नाही. एलओसी प्रकारच्या फाइलमध्ये कॅशचे नाव आणि अक्षांश-रेखांश एवढाच ऐवज असतो, तर जीपीएक्स प्रकारच्या फाइलमध्ये संपूर्ण पान असते. जिओकॅशिंगच्या मुख्य संकेतस्थळावर पैसे भरून सभासद झालेल्यांना ‘पॉकेट क्वेरी’ मागवता येते, म्हणजे ठरावीक परिसरातील एक हजारापर्यंत कॅश एका जीपीएक्स फाइलमध्ये एकत्र मिळतात. यंत्र केबलने संगणकाला जोडले की बहुतेक वेळा पेनड्राइव्हसारखे उघडते आणि ही फाइल त्यातील जीपीएक्स नावाच्या फोल्डरमध्ये टाकली की काम झाले. म्हणून यंत्र घेताना, विशेषतः जुने घेताना, दोन-चार कॅशची जीपीएक्स फाइल आणि लॅपटॉप सोबत न्यावा, विक्रेत्यासमोर ती फाइल यंत्रात टाकावी आणि वर्णन, हिंट व नोंदी एकेक करून उघडून पाहाव्यात. एखाद्या कॅशच्या वर्णनात देवनागरी मजकूर असल्यास अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात का, तेही तेव्हाच कळते. किती हजार कॅश मावतात या आकड्याला मात्र आपण भुलू नये. युरोपातील शहरांच्या मानाने आपल्याकडे कॅश विरळ आहेत आणि साधे पेपरलेस यंत्रही आपल्या गरजेला पुरून उरते.

यानंतर पडदा आणि बटणे पाहावीत, कारण पुण्याच्या हवेत यंत्राची खरी परीक्षा येथेच होते. एप्रिलच्या उन्हात वेताळ टेकडीवर उभे राहून वाचता येणारा पडदा हा बाहेरच्या प्रकाशावरच उजळणारा असतो आणि मागचा दिवा बंद ठेवूनही तो स्पष्ट दिसतो. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली हाच पडदा मंद व जुनाट वाटतो, म्हणून यंत्र दुकानाबाहेर रस्त्यावर आणून पाहण्याचा आग्रह धरावा. स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यावर हिंट शोधणे आणि टीप लिहिणे नक्कीच सोपे जाते. पण फोनसारख्या स्पर्शपडद्यावर पावसाचे थेंब पडले की तो बोटाचे ऐकत नाही आणि थेंबांचे ऐकू लागतो. एका जुलैत धुक्यात उभा राहून मी ओल्या रुमालाने असा पडदा पुसत बसलो होतो आणि नकाशा आपोआप सरकत होता. त्या दिवसापासून पावसाळी भटकंतीसाठी बटणांचे यंत्रच घ्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे. जलरोधकतेसाठी आयपीएक्स ७ ही श्रेणी पुरेशी आहे. तिचा अर्थ एक मीटर पाण्यात तीस मिनिटे तग धरणे असा असतो. जुन्या यंत्रात मात्र केबलच्या खाचेवरचे रबरी झाकण आणि सेलच्या कप्प्याची कड शाबूत आहे का, हे बोट फिरवून तपासावे, कारण तेथून पाणी शिरले तर श्रेणीचा उपयोग राहत नाही.

वीजपुरवठ्याबाबत मी पेन्सिल सेलच्या बाजूने आहे. पुण्यातील विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतच काय, गडाच्या पायथ्याच्या टपरीवरही हे सेल मिळतात आणि दोन सेलवर चालणारी साधी यंत्रे पंचवीस तासांपर्यंत चालल्याचे उत्पादक सांगतात. पुन्हा चार्ज होणारे निकेल प्रकारचे चांगले सेल घेऊन एक जोडी यंत्रात व एक पिशवीत ठेवावी आणि सेलचा प्रकार यंत्राच्या सेटिंगमध्ये आठवणीने निवडावा. अन्यथा हे सेल १.२ व्होल्टचे असल्याने शिल्लक चार्ज चुकीचा दाखवला जातो. आतच बसवलेल्या बॅटरीची महागडी यंत्रे आता कितीतरी अधिक तास चालतात, हे खरे. तरी ती बॅटरी काही वर्षांनी थकते तेव्हा ती बदलणे घरच्या घरी जमत नाही.

होकायंत्र असलेले मॉडेल घ्यावे का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि जिओकॅशिंगसाठी माझे उत्तर ‘घ्यावे’ असे आहे. ज्या यंत्रात होकायंत्र नसते, त्याला दिशा केवळ चालतानाच कळते. शेवटच्या दहा मीटरांत शोधक एका जागी उभा राहून इकडेतिकडे पाहतो, नेमका तेव्हाच बाण भरकटतो. तीन अक्षांचे होकायंत्र यंत्र तिरपे धरले तरी चालते, जुने दोन अक्षांचे यंत्र आडवे सपाट धरावे लागते, आणि दोन्हींचे कॅलिब्रेशन, म्हणजे दिशा जुळवून घेणे, सेल बदलल्यावर पुन्हा करावे लागते. याच्या जोडीने मिळणारा हवेच्या दाबावरील उंचीमापक ट्रेकला उपयोगी असला, तरी डबा शोधण्यात त्याचा वाटा नगण्य असतो, तेव्हा त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

नकाशाचा विचार मात्र सविस्तर करायला हवा. यंत्र जे अंतर दाखवते ते पक्ष्याच्या उड्डाणाचे, सरळ रेषेतले असते. सपाट प्रदेशात त्याने फारसे बिघडत नाही. आपल्याकडे बिघडते: सिंहगडाच्या पुणे दरवाजाकडून चढणाऱ्याला बाण कड्यापलीकडे तीनशे मीटर दाखवत असेल आणि ती जागा प्रत्यक्षात कल्याण दरवाजाच्या बाजूने, पूर्ण गड ओलांडून गाठावी लागत असेल. अशा वेळी बाणाच्या मागे जाणे हा वेळेचा नव्हे, जिवाचा प्रश्न होतो. म्हणून समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवणारा नकाशा ज्यात टाकता येतो आणि त्यासाठी मेमरी कार्डाची जागा आहे, असेच यंत्र सह्याद्रीसाठी योग्य ठरते. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या नकाशा-प्रकल्पाच्या माहितीवर बनवलेले मोफत नकाशे गार्मिन या कंपनीच्या यंत्रांत घालता येतात, त्यामुळे नकाशाचा खर्च वाचतो. त्यांत डोंगरवाटा कोठे तपशिलाने आणि कोठे तुटक असतात, हे मात्र लक्षात ठेवावे.

किती उपग्रह-प्रणाली चालतात, हे त्यानंतर पाहावे. केवळ अमेरिकेच्या जीपीएसऐवजी रशियाची ग्लोनास वा युरोपची गॅलिलिओ ही प्रणालीही घेणारे यंत्र दरीत व दाट झाडीत लवकर जागा पकडते. शनिवार-नारायण पेठांच्या अरुंद बोळांत भिंतींवर आपटून आलेले संकेत यंत्राला चकवतात, तेथे दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणाऱ्या नव्या यंत्रांचा फायदा जाणवतो.

एक बाब कायद्याची आहे आणि तीत हयगय चालणार नाही. काही नव्या मॉडेलांत जीपीएसबरोबर उपग्रहामार्फत संदेश पाठवण्याचीही सोय असते. गार्मिनमध्ये अशा मॉडेलांच्या क्रमांकाच्या शेवटी बहुधा ‘आय’ हे अक्षर असते. भारतात परवानगीशिवाय असे उपग्रह-संपर्क साधन बाळगणे हा गुन्हा आहे आणि विमानतळांवर अशा साधनांवरून प्रवाशांना ताब्यात घेतले गेले आहे. परदेशातील नातेवाइकाकडून यंत्र मागवताना मॉडेलचे पूर्ण नाव अक्षरशः तपासून कळवावे. केवळ संकेत ग्रहण करणारे साधे यंत्र या अडचणीत येत नाही. तरीही खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, लोहगाव विमानतळ यांसारख्या संरक्षण परिसरांच्या आसपास कोणतेही यंत्र हातात घेऊन झुडपे धुंडाळू नयेत.

या सर्व कसोट्या लावल्यावर माझी निवड अशी ठरते. मर्यादित पैशांत गार्मिनचे ईट्रेक्स ३२एक्स घ्यावे, कारण त्यात बटणे, पेन्सिल सेल, कार्डाची जागा आणि तीन अक्षांचे होकायंत्र ही चारही अंगे आहेत. त्याचे धाकटे भावंड ईट्रेक्स २२एक्स होकायंत्राविना येते. ईट्रेक्स १० पेपरलेस आहे, पण त्यात सविस्तर नकाशा मावत नाही, म्हणून ते टेकड्यांपुरते ठीक. मोठा पडदा आणि दोन फ्रिक्वेन्सी हव्या असतील तर जीपीएसमॅप ६५एसकडे वळावे. हाताळायला सर्वांत सुखद स्पर्शपडद्याची ओरेगन ७०० मालिका आहे आणि मुख्यतः हिवाळ्यात फिरणाऱ्याला ती निश्चित आवडेल.

यंत्र घरी आल्यावर प्रथम सेटिंगमध्ये स्थानमान ‘अंश आणि दशांश मिनिटे’ असे व आधारप्रणाली (अक्षांश-रेखांश ज्या मापनचौकटीवर मोजतात ती) डब्ल्यूजीएस ८४ अशी ठेवावी, कारण कॅशचे आकडे त्याच रूपात दिलेले असतात. १८ अंश ३१.५०० मिनिटे म्हणजे ३१ मिनिटे ३० सेकंद. त्यातील .५०० हे ५० सेकंद समजून वाचले तर पुण्यात सुमारे सहाशे मीटरांची चूक होते. अक्षांशाच्या दशांश मिनिटातील शेवटचा, तिसरा आकडा साधारण १.८५ मीटरांचा असतो.

मग पर्वतीच्या पायऱ्यांच्या तळाशी एखादा ठळक कोपरा निवडून तेथे यंत्र दोन मिनिटे स्थिर धरावे आणि खूण नोंदवावी. पुढच्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी व दिशांनी चालत येऊन यंत्र त्या खुणेपर्यंतचे अंतर शून्य कोठे दाखवते ते पाहावे. मोकळ्या आकाशाखाली तिन्ही वेळा त्या कोपऱ्याच्या पाच-सात मीटरांच्या आत पोहोचत असाल तर यंत्र ठणठणीत आहे. पंधरा-वीस मीटरांचा फरक वारंवार पडत असेल, तर बदलून मिळण्याची मुदत संपण्यापूर्वी ते दुकानात परत न्यावे.