वरच्या लोकांना प्रॉडक्ट स्ट्रॅटेजी पटवायची कशी

काही वर्षांपूर्वी मी आमच्या सॉफ्टवेअरची स्ट्रॅटेजी, म्हणजे पुढे काय बनवायचं आणि काय नाही ते, 42 स्लाइड्सच्या डेकमध्ये घेऊन आमच्या एमडींसमोर उभी राहिले होते. मार्केट केवढं, स्पर्धक कोण, दोन वर्षांचा रोडमॅप, रंगीत चौकोन, सगळं होतं. तिसऱ्या स्लाइडलाच सर म्हणाले, "बरं, हे करायचं तर आत्ता चालू असलेलं बंद काय करायचं?" आणि मी गप्प. मीटिंग तिथंच आटोपली, समोसे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

तेव्हापासून मी सुरुवातच त्या प्रश्नापासून करते. कोरा कागद घ्यायचा आणि आधी लिहायचं की आपण काय सोडणार. हे जाम अवघड जातं कारण प्रत्येक गोष्टीमागे कोणीतरी बसलेलं असतं, मोबाइल ॲप सेल्सच्या सरांचं लाडकं, पगाराचं मॉड्यूल एमडींच्या मित्राने मागितलेलं. पण यादीत सगळंच असेल तर ती स्ट्रॅटेजी नव्हे, किराण्याची यादी झाली, आणि वरची माणसं ते लगेच ओळखतात.

दुसरं, ऑफिसात बसून लिहू नका. आमचं सॉफ्टवेअर भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांना लागतं, बिलिंग, स्टॉक, जीएसटी वगैरे. तर सरळ तिकडे जायचं (गुरुवार सोडून, तिकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते, मी एकदा बंद गेट बघून हिंजवडीला परत आलेय आणि त्या ट्रॅफिकबद्दल न बोललेलं बरं). एका कारखान्यात अकाउंट्सच्या ताईंशेजारी अख्खी दुपार बसले. प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) माल बाहेर गेला की त्या आधी कार्बनच्या चलन बुकात, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्यांच्या पुस्तकात, लिहायच्या, मग तेच आमच्या सॉफ्टवेअरमध्ये, मग परत स्वतःच्या एक्सेलमध्ये. म्हटलं तीनदा कशाला? त्यांनी चलनाची पिवळी कॉपी दाखवली, कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं, "120 आले, 80 बाकी". आमच्यात चलन निघत होतं पण अर्धा माल परत आला तर बाकी किती ते कुठंच दिसत नव्हतं. आणि ते बाकीचं प्रकरण साधं नाही, जॉबवर्कला (म्हणजे असं बाहेरून काम करून घ्यायला) पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही (किंवा तिथूनच पुढे विकला गेला नाही) तर जीएसटीच्या कायद्याप्रमाणे तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरतात, म्हणजे टॅक्स आणि वर व्याज. शिवाय आयटीसी-04 फॉर्ममध्ये या चलनांचा हिशोब द्यावा लागतो तो वेगळाच.

त्या पिवळ्या कॉपीचा फोटो ताईंना विचारून काढला आणि पुढच्या वेळी पहिल्या पानावर तोच लावला. मार्केट साइझचा आलेख कुणी दोन सेकंद बघत नाही, या फोटोवर सर पाच मिनिटं बोलत होते.

आता कागद. मी स्लाइड्स सोडून दोन पानं लिहिते, सलग वाक्यात. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोसने 2004 मध्येच वरच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट काढून टाकलं, सहा पानांपर्यंतचा मेमो सगळ्यांनी आधी शांतपणे वाचायचा आणि मग बोलायचं. आपल्याकडे सहा पानं कोणी वाचेल असं मला वाटत नाही, दोन बास. पण वाक्यात लिहिलं की पोकळ जागा आपल्यालाच दिसतात, बुलेटमध्ये त्या लपतात. पहिल्या चार ओळीत निर्णय: काय करायचं, काय थांबवायचं, पैसे किती, कधी कळेल. पार्श्वभूमी नंतर.

मग आकडे, इथंच बहुतेक जण मार खातात. आमच्या सीएफओ (पैशांचा कारभार बघणाऱ्या) मॅडम कुठलाही आकडा दिसला की आधी निम्मा करतात, म्हणून मी तो आधीच निम्मा करून नेते. उदाहरण देते, आकडे गोल केलेत. समजा 600 गिऱ्हाइकं, वर्षाला 18,000 रुपये प्रत्येकी, आणि दर वर्षी 90 सोडून जातात. चलनाचं काम नीट केलं तर सोडणारे 54 वर येतील, म्हणजे 36 वाचले, 6.48 लाख. जास्तीच्या मॉड्यूलचे 4,000 रुपये 250 जणांनी दिले तर 10 लाख. खर्च 14 लाख. वर्षात वसूल, छान दिसतं. आता 250 चे 125 करा, एकूण 11.48 लाख होतात, म्हणजे वसुलीला साधारण 15 महिने. मी हेच दुसरं गणित मोठ्या अक्षरात लिहिते आणि पहिलं खाली बारीक. आणि 250 कुठून आले हे विचारणारच, तेव्हा "38 जणांना फोन केला, 17 जण पैसे देऊ म्हणाले" असं सांगता आलं पाहिजे, "इंडस्ट्रीचा ट्रेंड" वगैरे म्हणालात की संपलं.

सगळ्यात महत्त्वाचं काम मीटिंगच्या आधीच्या आठवड्यात असतं. एकेकाला वेगळं गाठायचं. सेल्सच्या सरांना मी खाली अमृततुल्यवर घेऊन गेले आणि सरळ सांगितलं, "सर, तुमचं ॲप यंदा थांबवतेय, तुम्हाला यात काय मिळालं तर चालेल?" चिडले थोडे. मग म्हणाले की ॲप नको पण चलनाची बाकी व्हॉट्सॲपवर तरी पाठवता येईल का. येत होती, घातली. हेच त्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकलं असतं तर माझा कागद तिथंच फाडला असता. मॅडमना गणिताची शीट तीन दिवस आधी द्यायची, चूक त्यांनीच शोधली तर उत्तम, नंतर त्या ते गणित स्वतःचं म्हणून मांडतात.

खोलीत गेल्यावर कमी बोला. पाच मिनिटं वाचू द्या, शांतता झाली तर ती भरायला जाऊ नका (मला अजून जमत नाही, पाण्याची बाटली हातात धरते). उत्तर येत नसेल तर "उद्या दुपारपर्यंत सांगते" म्हणा आणि खरंच सांगा. एमडी सर मुद्दाम खोचक विचारतात, राग मानायचा नाही, त्यांना बघायचं असतं की आपण पहिल्या धक्क्यात भूमिका सोडतो का.

होकार मिळाला तर त्याच संध्याकाळी मेल टाका. त्यात तीनच गोष्टी: काय थांबवलं, परत कुठल्या तारखेला बघायचं, आणि कुठला आकडा आला नाही तर हे काम आपणच बंद करणार. माझ्या मेलमध्ये तो आकडा 40 होता, चार महिन्यांत 40 पैसे भरणारी गिऱ्हाइकं. सरांनी दोनच शब्दांत उत्तर दिलं, "50 करा".