पूलमधली फाइल ‘गेली’ म्हणण्याआधी

स्टोरेजचं काम नव्यानं हातात आलं की पूलबद्दल, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच मोठी डिस्क म्हणून दाखवणाऱ्या मांडणीबद्दल, एक तक्रार लवकरच कानावर येते. ‘काल फोल्डर होतं, आज नाहीये. शेजारचं मात्र आहे.’ रेडचे प्रकार, पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत उभा करायला ठेवलेली जादा माहिती), माउंट (डिस्क एखाद्या फोल्डरला जोडून वापरात आणणं), एक्सटी फोर आणि एनटीएफएस (डिस्कवर फायली मांडायच्या पद्धती) हे तुम्हाला येतंच, असं धरून चालतो. मुलाखतीत हेच घोटून घेतात. पण अशी तक्रार आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं नाही, ते कुणी विचारत नाही. आणि वाट लागते ती त्याच दहा मिनिटांत.

म्हणून आधी तेच. रिबॅलन्स (फायली डिस्कांमध्ये पुन्हा वाटणं) दाबू नका. सिंक चालवू नका. चेकडिस्क किंवा एफएससीके (डिस्क तपासणारे प्रोग्रॅम) ‘दुरुस्ती’सह चालवू नका. रात्रीचा बॅकअप ठरल्या वेळी लागणार असेल तर तो थांबवा. हो, बॅकअपसुद्धा. कॉपी करणारं आरसिंक ‘डिलीट’ पर्यायासह लावलेलं असेल किंवा रोबोकॉपी मिरर मोडमध्ये असेल, तर पूलमध्ये न दिसणाऱ्या फायली ते बॅकअपमधूनही इमानदारीत पुसून टाकतं. स्रोत रिकामा दिसला, त्यानं प्रतही रिकामी केली. त्याचं काहीच चुकलेलं नसतं.

घाबरवायला सांगत नाहीये. माझ्यापुढे अशा जितक्या तक्रारी आल्या, त्यांतल्या बहुतेकींत फाइल डिस्कवर जागच्या जागी होती, फक्त पूलला दिसत नव्हती. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री नीट झोप लागली असती.

‘काही आहे, काही नाही’ हे लक्षण नीट वाचायला शिका. पूल ढोबळमानानं दोन जातींचे. मर्जरएफएस, विंडोजवरचा ड्राइव्हपूल किंवा अनरेडचे शेअर फाइलच्या पातळीवर चालतात. प्रत्येक फाइल अख्खीच्या अख्खी कुठल्यातरी एका डिस्कवर असते आणि पूल फक्त सगळ्या डिस्क एकत्र दाखवतो. झेडएफएस किंवा स्टोरेज स्पेसेस ब्लॉकच्या पातळीवर चालतात, तिथे एकाच फाइलचे तुकडे अनेक डिस्कवर पसरलेले असतात. दुसऱ्या जातीत सोसण्यापलीकडे डिस्क गेल्या तर पूल सहसा उभाच राहत नाही, बोंब मारतो. निवडक फोल्डरं गायब आणि बाकी सगळं सुरळीत, हा बहुतेक वेळा पहिल्या जातीचा आजार. मग प्रश्न एकच उरतो: या फायली कुठल्या डिस्कवर होत्या?

आता यातला खरा सापळा. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण यानं मला जितकं छळलंय तितकं मेलेल्या डिस्कनंही छळलेलं नाही.

लिनक्सवर डिस्क माउंट करायला आधी एक रिकामं फोल्डर लागतं. समजा, ‘डिस्क तीन’ नावाचं. मर्जरएफएसला तुम्ही या फोल्डरचा पत्ता देता, डिस्कचा नाही. मशीन रीस्टार्ट झालं, केबल सैल होती किंवा डिस्क उशिरा जागी झाली, आणि एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत) ‘नोफेल’ लिहिलेलं असल्यामुळे मशीन तिच्यावाचून पुढे निघून गेलं. ‘डिस्क तीन’ हे फोल्डर तरीही आहेच. आता ते मूळ सिस्टिम डिस्कवरचं साधं रिकामं फोल्डर आहे, एवढाच फरक. मर्जरएफएसला त्यातलं काही कळत नाही. त्याला फोल्डर मिळालं, ते रिकामं आहे, झालं. ना एरर, ना लाल दिवा. पूलमधून त्या डिस्कच्या फायली तेवढ्या नाहीशा होतात.

इथवर नुकसान शून्य आहे. डिस्क माउंट केली की सगळं परत दिसतं. खरी गोम पुढे आहे.

डिस्क माउंट नसताना कुणी त्या फोल्डरमध्ये लिहिलं तर? नवी फाइल ‘जिथे सर्वांत जास्त मोकळी जागा तिथे’ टाकायचं धोरण असेल, बाकीच्या डिस्क भरत आल्या असतील आणि सिस्टिम डिस्क ऐसपैस असेल, तर नव्या फायली बिनबोभाट सिस्टिम डिस्कवर जाऊन पडतात. ‘तो मार्ग आधीपासून जिथे आहे तिथेच’ असं धोरण असेल तर पूलकडून हे सहसा टळतं. पण एखादं डाउनलोडर किंवा बॅकअपचं सॉफ्टवेअर पूलला वळसा घालून थेट डिस्कच्या पत्त्यावर लिहीत असेल, तर ते आपली फोल्डरं स्वतःच बनवतं आणि लिहीत सुटतं. मग कुणाच्यातरी लक्षात येतं, डिस्क माउंट होते, जुन्या फायली परत येतात, सगळे खूश. आणि त्याच क्षणी मधल्या काळात लिहिलेल्या फायली गायब होतात. त्या माउंट झालेल्या डिस्कच्या खाली गाडल्या गेल्यात. भिंतीवरच्या कोनाड्यासमोर कपाट सरकवावं तसं. कोनाडा आहे, वस्तू आहेत, हात पोचत नाही.

आता तक्रार उलटी येते: ‘जुनं सापडलं, पण परवाचं गेलं.’ नवखा माणूस इथे रिकव्हरी सॉफ्टवेअर शोधायला लागतो. गरज नसते. ओळखायच्या खुणा साध्या आहेत. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी आज्ञा) सांगतं सिस्टिम डिस्क भरत आली, डीयूनं फायलींची बेरीज केली तर तेवढं भरतच नाही. (पुसलेली पण एखाद्या प्रोग्रॅमनं उघडी धरलेली फाइल असली तरी हेच दिसतं, उघड्या फायलींची यादी देणाऱ्या एलएसओएफनं ती शक्यता आधी काढून टाका.) मग मूळ फाइलसिस्टिम दुसऱ्या एखाद्या रिकाम्या फोल्डरवर बाइंड माउंट करा, म्हणजे ती त्या पत्त्यावरही दाखवा, आणि तिथून ‘डिस्क तीन’ उघडा. साध्या बाइंडमध्ये वरचे माउंट सोबत येत नाहीत, त्यामुळे कपाटामागचा कोनाडा उघडा दिसतो.

डिस्क खरोखर माउंट आहे की नाही, हे फोल्डर आहे की नाही यावरून ठरवू नका. फाइंडमाउंट चालवा, काय कुठे माउंट आहे ते दिसतं. किंवा डीएफला त्या फोल्डरचा पत्ता द्या: समोर डेटा डिस्कचा आकार येण्याऐवजी सिस्टिम डिस्कचा आला, तर उत्तर मिळालं. एक्सटी फोर असेल तर आणखी एक खूण आहे. त्या डिस्कच्या मुळाशी ‘लॉस्ट प्लस फाउंड’ नावाचं फोल्डर असतं, फॉरमॅट करणारं एमकेएफएस ते आपणहून बनवतं. ते दिसत नसेल तर तुम्ही बहुधा रिकाम्या माउंट पॉइंटकडे बघताय.

बंदोबस्तही सोपा आहे. डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅट्टर या आज्ञेनं ‘इम्युटेबल’ (न बदलता येणारं) करून टाका. मग रूटलाही, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यालाही, तिथे लिहिता येत नाही, आणि जे सॉफ्टवेअर गुपचूप लिहिणार होतं ते एरर देऊन थांबतं. ‘माउंट नसताना’ हे मी मुद्दाम पुन्हा सांगतो. डिस्क माउंट असताना ही आज्ञा दिली तर इम्युटेबल होतं डिस्कचं स्वतःचं मुळाचं फोल्डर, आणि खालचं फोल्डर होतं तसंच उघडं राहतं. एफएसटॅबमध्ये डिस्कची नोंद यूयूआयडीनं (तिच्या फाइलसिस्टिमच्या ओळख क्रमांकानं) करा. एसडीए, एसडीबी ही नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात.

स्नॅपरेड (सिंक चालवलं की पॅरिटी ताजी करणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. एखाद्या डिस्कवरच्या सगळ्याच फायली नाहीशा दिसल्या तर स्नॅपरेड सिंक करायला नकार देतं आणि हवंच असेल तर ‘फोर्स एम्प्टी’ लावा म्हणून सांगतं. ही सूचना नाही, धोक्याची पाटी आहे. घाईत तो पर्याय लावला की पॅरिटी ‘ही डिस्क रिकामीच आहे’ असं मान्य करते, आणि मग डिस्क खरोखर मेलेली निघाली तर परत आणायला काही उरत नाही. आधी डिफ चालवा, काय बदललंय ते दिसेल. डिस्क खरंच गेली असेल तर फिक्स आहे, तो हरवलेल्या फायली परत उभ्या करू शकतो, पण सिंक झालेलं नसेल तरच.

बाकीची कारणं पटापट सांगतो. ड्राइव्हपूलमध्ये पूलचा माल प्रत्येक डिस्कवरच्या ‘पूलपार्ट’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतो. कुणी डिस्कच्या मुळाशी फायली टाकल्या असतील तर त्या पूलमध्ये दिसणारच नाहीत. झेडएफएसमध्ये एन्क्रिप्टेड डेटासेटची किल्ली लोड झालेली नसेल तर रिकामं फोल्डर दिसतं, डेटा शाबूत असतो. एकाच मार्गावर दोन डिस्कवर एकाच नावाच्या फायली असतील तर मर्जरएफएस त्यातली एकच दाखवतं, आणि ती जुनी प्रत असली की लोक म्हणतात ‘माझे बदल गेले’. ‘ऑलपाथ्स’ हा एक्सटेंडेड अॅट्रिब्यूट (फाइलला जोडलेली जादा नोंद) वाचला की सगळ्या प्रतींचे पत्ते मिळतात. अनरेडवर यूझर शेअरमधून थेट डिस्कच्या पत्त्यावर कॉपी करू नका. तीच फाइल स्वतःवर लिहिली जाऊन शून्य बाइटची होऊ शकते.

सॉफ्टवेअरवर संशय शेवटी घ्या, पण घ्या. विंडोज होम सर्व्हर 2007 साली आला तेव्हा एकाहून जास्त डिस्क असलेल्या मशीनवर ठरावीक प्रोग्रॅममधून फाइल संपादित केली की ती बिघडायची. दुरुस्ती 2008च्या पॉवर पॅक 1मध्ये आली. 2020मध्ये विंडोज 10च्या ‘2004’ नावाच्या आवृत्तीत पॅरिटी स्टोरेज स्पेसेसवर चेकडिस्क चालवू नका, असं खुद्द मायक्रोसॉफ्टला सांगावं लागलं. नोव्हेंबर 2023मध्ये ओपनझेडएफएसमध्ये कॉपी केलेल्या फायलींत अधूनमधून शून्यांचे पट्टे सापडले. आकार बरोबर, आतलं गायब. 2.2.2 आणि 2.1.14 या आवृत्त्यांत ते दुरुस्त झालं. तेव्हा फाइल ‘आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, चेकसम (आतल्या मजकुरावरून काढलेली ओळख-संख्या) ठेवा.

सिनियर मंडळींबद्दल माझं मत जरा कडू आहे. तुमची खुर्ची ओढून स्वतः टाइप करायला बसणारा सिनियर प्रश्न लवकर सोडवतो आणि तुम्हाला काही शिकवत नाही. ‘रीस्टार्ट मारून बघ’ म्हणणारा त्याहून वाईट, कारण रीस्टार्टनं डिस्क परत माउंट होते, पुरावा झाकला जातो आणि पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा तिथेच असता. ‘गायब फायलींत सारखं काय आहे?’ एवढं विचारून गप्प बसणारा कुणी भेटला तर त्याला सोडू नका. असा कुणी नसेल तरी अडत नाही. प्रत्येक डिस्कवरच्या फायलींची यादी रोज रात्री एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवा, आणि ती यादी पूलबाहेर ठेवा. फाइंडची एक ओळ आणि क्रॉनची (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीची) एक नोंद, बस. गायब फायलींची नावं त्या यादीत शोधली की सगळ्या एकाच डिस्कवरच्या होत्या की विखुरलेल्या, हे लगेच कळतं. एकाच डिस्कवरच्या असतील तर माउंट, केबल, डीमेसेज (सिस्टिमचे संदेश) आणि स्मार्ट (डिस्कची तब्येत) बघा. विखुरलेल्या असतील तर माणूस, स्क्रिप्ट किंवा परवानग्या बघा.

सराव घरच्या डेटावर करू नका. व्हर्च्युअल मशीनवर छोट्या छोट्या तीन डिस्क लावा, मर्जरएफएसनं जोडा, त्यांत फायली भरा. एक डिस्क अनमाउंट करा, तिच्या रिकाम्या फोल्डरमध्ये थेट काहीतरी लिहा, मग डिस्क परत माउंट करून ते लिहिलेलं शोधून दाखवा. जमलं की फोल्डर इम्युटेबल करून हाच खेळ पुन्हा करा, आणि तुमच्या रोजच्या वापरातलं कुठलं सॉफ्टवेअर एरर देतं आणि कुठलं ती गिळून टाकतं, तेही बघा. गिळणारं सापडलं तर आधी त्याच्या लॉगवर अलर्ट लावा.