सामायिक मॉडेलवर काम करताना: ‘अ‍ॅक्सेस नाही’ म्हणण्यापूर्वी

कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयातून किंवा एखाद्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडून वडोदऱ्याच्या डिझाइन कार्यालयांत रुजू होणाऱ्या मुलामुलींना रेव्हिट (इमारतीचे त्रिमितीय मॉडेल तयार करण्याचे ऑटोडेस्क कंपनीचे सॉफ्टवेअर) येत असते, परंतु ते बहुधा स्वतःच्या लॅपटॉपवर, एकट्याने केलेल्या फाइलपुरते. ज्यांचा सराव रेव्हिट एलटी या मर्यादित आवृत्तीवर झालेला असतो त्यांनी तर अनेकांनी मिळून एका मॉडेलमध्ये काम करण्याची सोय पाहिलेलीही नसते, कारण त्या आवृत्तीत ती नाही. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत त्यांच्या तोंडी ‘मला अ‍ॅक्सेस नाही’ हे वाक्य वारंवार येते. अलकापुरीतील एका कार्यालयात मॉडेल सांभाळण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे असल्याने मला एवढे निश्चित सांगता येते की, या एका वाक्याखाली अगदी वेगवेगळ्या अडचणी दडलेल्या असतात आणि नेमकी कोणती ते ओळखल्याशिवाय आयटी विभागाला फोन करणे व्यर्थ असते.

मॉडेल उघडतच नसेल, तर अडचण दाराशी आहे. सेंट्रल मॉडेल, म्हणजे सर्वांचे काम एकत्र येते ती मुख्य फाइल, कार्यालयाच्या सर्व्हरवर असेल तर त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी लागते; नुसत्या वाचण्याच्या परवानगीवर सिंक (आपले बदल सेंट्रलला पाठवणे) होत नाही. मॉडेल ऑटोडेस्कच्या क्लाउडवर असेल तर त्यासाठीच्या बीआयएम कोलॅबोरेट प्रो या सेवेचे लायसन्स तुमच्या नावे दिलेले असावे लागते, प्रकल्पात सदस्य म्हणून नोंद व्हावी लागते आणि शिवाय त्या फोल्डरवर बदल करण्याचा अधिकार मिळावा लागतो. यांतले एक जरी राहिले तरी काम अडते. आमंत्रण कार्यालयाच्या ईमेलवर आलेले असते आणि नवीन माणूस कॉलेजच्या दिवसांतल्या खाजगी खात्याने लॉग-इन करून बसतो, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की मी सर्वप्रथम तेच तपासतो. आवृत्तीही पाहावी: नव्या रेव्हिटमध्ये जतन झालेले मॉडेल जुन्या रेव्हिटमध्ये उघडत नाही, आणि याचा परवानगीशी काहीही संबंध नसतो.

दाराची अडचण कोणीतरी दहा मिनिटांत सोडवून देतो. खरे शिकण्यासारखे असते ते मॉडेलच्या आत.

रोज सकाळी सेंट्रलवरून नवी लोकल फाइल (आपल्या संगणकावरची प्रत) तयार करून तिच्यातच काम करावे आणि सेंट्रल थेट उघडू नये, हे सर्वत्र शिकवले जाते. परंतु तुम्ही एखाद्या भिंतीला हात लावताच ती भिंत सेंट्रलमध्ये तुमच्या नावे उसनी घेतल्याची नोंद होते आणि तुम्ही ती परत करेपर्यंत इतर कोणालाही ती बदलता येत नाही, याची जाणीव फार थोड्यांना असते. भिंतीचे निदान डोळ्यांना दिसते. प्रकाराचे (टाइपचे, म्हणजे एकसारख्या सर्व घटकांना लागू होणाऱ्या मापांचे) दिसत नाही. एखाद्या दरवाजाच्या प्रकाराची रुंदी बदलली आणि सिंक न करता जेवायला गेलात, तर एक दरवाजा नव्हे, तो प्रकारच तुमच्याकडे अडकून राहतो, आणि दुसऱ्या मजल्यावर काम करणाऱ्याला आपण का अडलो ते उमगत नाही. संपूर्ण वर्कसेट (मॉडेलमधल्या घटकांचा एक गट) ‘एडिटेबल’ करून, म्हणजे आपल्या नावे घेऊन, ठेवण्याची सवय याहून वाईट. मजल्यांच्या पातळ्या आणि ग्रिड (आराखड्याच्या संदर्भरेषा) ज्या वर्कसेटमध्ये असतात तो अशा रीतीने कोणी धरून ठेवला, तर सगळ्या चमूची ग्रिड-दुरुस्ती थांबते. लागेल तेवढाच घटक आपोआप उसना होऊ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्कसेटचा खरा उपयोग मॉडेल उघडताना नको असलेले भाग बंद ठेवून संगणकावरचा भार हलका करण्यासाठी आहे.

घटक दुसऱ्याकडे असल्याचा संदेश आला की त्यात नाव दिसते. तिथूनच विनंती पाठवता येते. परंतु समोरच्याने त्या घटकात बदल केलेला असेल, तर त्याने सिंक करून घटक सोडल्याखेरीज तो तुम्हाला मिळत नाही, आणि तुम्हालाही त्यानंतर ‘रिलोड लेटेस्ट’ करून त्याचे बदल आपल्याकडे घ्यावे लागतात. म्हणून विनंती पाठवून वाट पाहत बसण्यापेक्षा उठून सांगावे: “बेन, तो जिन्याजवळचा दरवाजा मोकळा करता का?” वरिष्ठांना असे विचारताना नवी मुले संकोचतात, पण आपल्याकडे काय अडकले आहे हे त्या वरिष्ठांच्याही ध्यानात नसते. व्ह्यूमध्ये वर्कशेअरिंग डिस्प्ले सुरू केला, तर कोणाकडे काय आहे ते रंगांनी दिसते.

संदेशातले नाव ओळखीचे असावे यासाठी आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. ऑटोडेस्क खात्याने लॉग-इन केलेले असेल तर रेव्हिट त्या खात्याचे नाव धरते. दोन यंत्रांवर एकच सामायिक खाते वापरले तर रेव्हिटच्या लेखी ती दोन माणसे नसून एकच असते आणि मालकीचा सगळा हिशेब कोलमडतो. रेव्हिट मध्येच बंद पडले तरी उसने घटक तुमच्याच नावे राहतात. अशा वेळी तीच लोकल फाइल पुन्हा उघडून सिंक करावे. घाईने दुसऱ्या कोणी तुमचे नाव लावून ते घटक सोडून दिले, तर तुमच्या लोकलमधले न पाठवलेले काम गमावण्याची वेळ येते.

काही वेळा मात्र कोणाकडेच काही अडकलेले नसते. स्ट्रक्चरचे मॉडेल लिंक म्हणून जोडलेले असते आणि आर्किटेक्चरच्या फाइलमध्ये बसून त्यातला खांब सरकत नाही म्हणून तक्रार येते. तो खांब त्याच्या मूळ मॉडेलमध्येच बदलावा लागतो. कधी घटक हलू नये म्हणून त्याला फक्त पिन लावलेली असते.

कोयलीची रिफायनरी आणि पेट्रोकेमिकल उद्योग यांमुळे या शहरात पाइपिंगच्या कार्यालयांत जाणारेही पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी थोडेसे. पीडीएमएस किंवा ई३डी या कारखान्यांच्या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अनेकांनी मिळून लिहिण्याचा डेटाबेस असेल तर घटक ‘क्लेम’ करावा (आपल्या नावे घ्यावा) लागतो, ‘सेव्हवर्क’ने आपले काम जाते आणि ‘गेटवर्क’ने इतरांचे येते. तिथे कोणता डेटाबेस तुम्हाला लिहिता येईल हे तुम्ही कोणत्या टीममध्ये आहात यावर ठरते. त्यामुळे रुजू होताना टीमचे नाव विचारून घ्यावे.

संध्याकाळी रेव्हिट बंद करताना मालकी सोडायची की ठेवायची असे विचारले जाते, तेव्हा सोडावी. आयएसओ १९६५० या बांधकामाच्या डिजिटल माहितीच्या व्यवस्थापनासाठीच्या २०१८ च्या मानकात चालू काम, सामायिक, प्रकाशित आणि संग्रहित अशा अवस्था वेगळ्या ठेवल्या आहेत. बाहेरच्या सल्लागाराने मॉडेल मागितले, तर ते चालू कामाच्या फोल्डरमधून उचलून न देता, प्रकल्पप्रमुखांना विचारून, सेंट्रलपासून ‘डिटॅच’ केलेली (तोडून वेगळी केलेली) प्रत द्यावी आणि अशा प्रतीत केलेले बदल सेंट्रलमध्ये सिंक होणार नाहीत, हे त्यांना तेव्हाच लेखी कळवावे.