चर्चच्या नावावरून व्यापाऱ्यांचा माग कसा काढावा

सुरुवात संत ओलाफपासून करा. हा नॉर्वेचा राजा 1030 मध्ये स्टिकलस्टाडच्या लढाईत पडला आणि लवकरच संत मानला गेला. त्याचं नाव खलाशांबरोबर बंदरोबंदरी गेलं.

आधी बंदरांचे नकाशे काढा आणि धक्क्याजवळची चर्चं बघा. लंडनमध्ये टेम्सच्या काठी, पुलाच्या टोकापाशी सेंट ओलेव्हचं, म्हणजे इंग्रजी उच्चारातल्या ओलाफचंच, चर्च होतं. चर्च गेलं, पण शेजारच्या टूली स्ट्रीटमध्ये त्याचं नाव शिल्लक आहे. ‘सेंट ओलेव्ह’ भरभर म्हणून बघा, जिभेवर ‘टूली’ येतंच! म्हणून रस्त्यांची नावंही वाचा. मी ती बरीच वर्षं वगळत होतो.

मग बाल्टिक समुद्राकडे वळा. एस्टोनियातल्या टालिनमध्ये ओलेविस्ते, म्हणजे ओलाफच्याच, चर्चचा उल्लेख 1267 पासून सापडतो. रशियातल्या नॉव्हगोरोदला बाल्टिकमधल्या गोटलंड बेटाच्या व्यापाऱ्यांनी आपल्या वखारीत ओलाफचंच चर्च बांधलं होतं. परक्या गावात देऊळ, गोदाम आणि तिजोरी एकाच भिंतीआड असणं सोयीचं. तिथल्याच जर्मन व्यापाऱ्यांच्या सेंट पीटर चर्चमध्ये मालही ठेवला जाई.

एक सावधगिरी. नाव दिसलं की व्यापारी आले, असं धरू नका. इंग्लंडमधल्या यॉर्कचं सेंट ओलेव्ह चर्च मी बिनधास्त व्यापाऱ्यांच्या खात्यात टाकलं होतं. ते बांधलं सिवर्ड नावाच्या सरदारानं, आणि 1055 मध्ये त्याला तिथंच पुरलं. तेव्हा संस्थापक कोण, हे आधी तपासा. मूर्तीच्या हातात कुऱ्हाड असेल, तर निदान संत तरी ओलाफच असण्याची शक्यता मोठी.