समुद्र न दाखवता फॉलोअर कसे जोडायचे: गोव्यातल्या छोट्या धंद्यासाठी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप

गोव्यात धंदा असलेल्या माणसाला इन्स्टाग्रामवर पहिला मोह होतो तो समुद्राचा. दुकान म्हापशाच्या बाजारात, माल पोई आणि काकणां हे गोव्याचे पाव, पण पहिला रील वागातोरच्या सूर्यास्ताचा. व्ह्यूज भरभरून येतात, आणि त्यातला एकही माणूस दुसऱ्या दिवशी पाव न्यायला येत नाही.

असं का होतं ते आधी समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इन्स्टाग्राम नवा रील आधी थोड्या लोकांना दाखवतो. जे थांबून बघतात, त्यांच्यासारख्या आणखी लोकांकडे तो पाठवला जातो. सूर्यास्तावर थांबणारा माणूस पुण्यात किंवा दिल्लीत बसून सुट्टीचे बेत करत असतो. तोच फॉलो करतो. मग तुम्ही भट्टीतून निघणाऱ्या पोईचा रील टाकता, तो या माणसाला दिसतो आणि तो अंगठ्याने सरळ पुढे सारतो. आपल्याच फॉलोअरांना यात रस नाही असा त्याचा अर्थ लावला जातो आणि रील तिथेच बसतो. म्हणजे उसने फॉलोअर नुसते निरुपयोगी नाहीत, ते आडवे येतात.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५च्या सुरुवातीला तीन गोष्टी महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या: लोक किती वेळ बघतात, किती लाइक करतात आणि किती जणांना पाठवतात. फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोचायचं असेल तर पाठवण्याचं वजन जास्त. 'हे आईला दाखव' म्हणून कोणी पुढे पाठवेल का, हा प्रश्न रील टाकण्याआधी विचारावा.

आधी गिऱ्हाईक ठरवा

कागदावर एकच ओळ लिहा: माझा माल कोण, कुठून, कसा नेतो? पुढे सोयीसाठी एकच उदाहरण घेऊ. डिचोलीतला एक घरगुती धंदा: सोलं (कोकमाची वाळवलेली सालं), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), मिस्कूट (कैरीचं लोणचं), चेपणीचे तोर (मिठात मुरवलेल्या कैऱ्या). याचं गिऱ्हाईक डिचोली, साखळी, म्हापसा, पणजी इथलं, फार तर मुंबईत स्थायिक झालेलं गोंयकार कुटुंब. पर्यटक नाही. होमस्टे असेल तर गिऱ्हाईक पर्यटकच, पण त्यालाही समुद्रापेक्षा खोली, न्हाणीघर, गाडी लावायची जागा आणि पावसात रस्ता कसा असतो हे बघायचं असतं. समुद्र त्याला हजार ठिकाणी दिसतो.

खातं नीट मांडा

प्रोफेशनल खात्यात 'बिझनेस' निवडा. आकडेवारी दिसते, फोन आणि पत्त्याचं बटण मिळतं. एक किंमत मोजावी लागते: सिनेमातली बहुतेक गाणी बिझनेस खात्याला मिळत नाहीत. ती दुसरीकडून चिकटवली तर रीलचा आवाज बंद होऊ शकतो. आमच्या मते हे नुकसान नाहीच. विळीवर फणस चिरल्याचा आवाज गाण्यापेक्षा जास्त थांबवतो.

नावाची जागा शोधात धरली जाते, म्हणून तिथे फक्त कुलदेवतेच्या नावाने धंद्याचं नाव नको. 'सोलं, आगळ, लोणची – डिचोली' असं काम आणि गाव दोन्ही येऊ द्या. गोव्यात बरेच लोक रोमन लिपीत शोधतात, म्हणून वापरकर्तानावात तेच शब्द रोमन स्पेलिंगने घाला. बायोला १५० अक्षरं मिळतात. त्यात काय मिळतं, कुठे मिळतं, ऑर्डर कधीपर्यंत द्यायची एवढंच लिहा. 'चवीची परंपरा' वगैरे लिहून अक्षरं घालवू नका. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक पाकिटाच्या फोटोत स्पष्ट दिसू द्या. विचारणारे विचारतात.

तीन पोस्ट वर पिन करता येतात. एक भावांची, एक ऑर्डर कशी द्यायची याची, एक माल कसा बनतो याची. भाव लपवून 'डीएम (खासगी मेसेज) करा' म्हणणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. भाव न दिसल्यामुळे जेवढे लोक निघून जातात, तेवढे भाव बघून जात नाहीत.

खातं धंद्याच्याच मोबाइल नंबरवर आणि ईमेलवर उघडा. बहुतेक घरांत ते भाच्याच्या फोनवर असतं. भाचा बोटीवर नोकरीला गेला की ओटीपी भरसमुद्रात आणि दुकान डिचोलीत. टू-फॅक्टर (पासवर्डबरोबर कोडही मागणारी सोय) सुरू करा, बॅकअप कोड कागदावर उतरवून कपाटात ठेवा. 'तुमच्या पोस्टवर कॉपीराइट तक्रार आहे, लिंक दाबा' असा मेसेज आला तर दाबू नका. खाती चोरीला जातात ती बहुधा याच वाटेने.

एक रील, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

एप्रिल-मे म्हणजे सोलं घालायची वेळ. सहा तुकडे घ्यायचे, प्रत्येकी तीन-चार सेकंदांचे, एकूण अठरा ते चोवीस सेकंद.

पहिला तुकडा तयार मालाचा असतो. भिजवलेलं सोल बोटांत पिळलं जातंय आणि लाल थेंब पांढऱ्या वाटीत पडतोय. लोगो नाही, 'नमस्कार मंडळी' नाही. पहिल्या दोन-तीन सेकंदांत डोळा अडकला नाही तर पुढचं कोणी बघत नाही. दुसरा, पिकलेलं भिरंड (कोकमाचं फळ) फोडून दोन अर्धुकं. तिसरा, बिया आणि गर भांड्यात, वरून मिठाची मूठ. चौथा, सालं त्या रसात बुडवून सुपावर पसरलेली, वरून घेतलेली. पाचवा, तेच सूप, तीच जागा, पण चार दिवसांनी, सालं काळपट झालेली. सहावा, हुमणात (माशांच्या कालवणात) पडणारं सोल.

सगळी गंमत चौथ्या आणि पाचव्या तुकड्याच्या जोडीत आहे, आणि चूकही तिथेच होते. दुसऱ्या वेळी फोन इंचभर सरकलेला असतो, सूप फिरलेलं असतं, सकाळऐवजी दुपारचं ऊन असतं. मग बदल सोलांत झालाय की फोटोत, ते कळत नाही. उपाय सोपा: सुपाखाली जमिनीवर खडूने रेघ मारा, फोन ज्या विटेवर टेकवला ती हलवू नका, आणि दोन्ही वेळा सकाळी नऊच्या सुमाराला घ्या.

फोन उभा, १०८० बाय १९२०. आधी लेन्स पदराने नाही, कोरड्या मऊ कापडाने पुसा. स्वयंपाकघरातल्या फोनच्या लेन्सवर तेल असतंच आणि त्यामुळे सगळं धुकट दिसतं. पावसाळ्यात उजेड कमी, मग लोक ट्यूबखाली शूट करतात आणि चित्रावर पट्टे लोळायला लागतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, फोन ३० फ्रेमवर, दोघांचं जमत नाही. सेटिंगमध्ये २५ फ्रेम घ्या, किंवा प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. तेही नसेल तर दाराजवळ बसा आणि ट्यूब बंद करा. पंखाही बंद करा, माइकमध्ये त्याचीच घरघर येते.

बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून प्रत्येक तुकड्यावर चार-पाच शब्दांची अक्षरं हवीत. ती खालच्या भागात आणि उजव्या कडेला नकोत, तिथे कॅप्शन आणि बटणं येतात.

आठवड्याला असे दोन रील पुरेत. रोज एक टाकायला गेलात तर तिसऱ्या आठवड्यात सुप्रभातचे फोटो सुरू होतात.

भाषा कोणती?

गोव्यात हा प्रश्न सुटत नाही, त्यामुळे तो सोडवायच्या भानगडीत पडू नका. तोंडाने जे बोलता ते रीलमध्ये बोला. कोंकणी येत असेल तर कोंकणीच, आणि अक्षरं मराठीत. कॅप्शनमध्ये पहिली ओळ मराठीत, मग मालाची नावं लोक ज्या ज्या शब्दांनी शोधतात त्या सगळ्यांनी: सोलं, कोकम, भिरंड, आमसूल. हॅशटॅग तीन ते पाच, मालाचे आणि गावाचे. गोव्याच्या नावाचा एकटा मोठा हॅशटॅग लावलात की पुन्हा समुद्राच्या गर्दीत.

बोलतं ठेवणं

फॉलोअर वाढवण्यापेक्षा असलेले बोलते ठेवणं कठीण, आणि धंदा त्याच्यावर चालतो. रील टाकल्यावर पहिला तासभर फोन हातात ठेवता येईल अशीच वेळ निवडा. प्रत्येक कमेंटला उत्तर द्या, पण हात जोडलेली इमोजी म्हणजे उत्तर नव्हे. कोणी 'आमच्या घरी तिवळ (सोलांचं सार) करायचे' लिहिलं तर 'काकी, तुम्ही तिवळात मिरची ठेचून घालता की नुसतं जिरं?' असं विचारा. ती परत येते, तिची जाऊ येते, दोघी वाद घालतात. पाच कमेंटींचा असा वाद पन्नास हार्टांपेक्षा मोलाचा.

स्टोरीत प्रश्न विचारताना 'आमचं लोणचं आवडतं का?' नको. 'मिस्कूट भातापेजेबरोबर की चपातीबरोबर?' असा दोन बाजूंचा पोल घाला. जे मत देतात त्यांना नंतर वैयक्तिक मेसेज करायला हरकत नाही, पण एकदाच.

तक्रार आली, म्हणजे 'बरणी गळाली', तर कमेंट उडवू नका. त्याच दिवशी उघडपणे दोन ओळी: माफ करा, बरणी बदलून देतो, नंबर डीएममध्ये पाठवा. बाकीचे ती दोन ओळींची वागणूक बघत असतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर आणल्याशिवाय पूर्ण नाही

इन्स्टाग्रामवर ओळख होते, गोव्यात ऑर्डर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरच येते. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅप घ्या, कॅटलॉगमध्ये प्रत्येक माल वजन आणि भावासह घाला, 'नवीन', 'पैसे यायचे', 'पोचवलं' अशी लेबलं करा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं: पाठवल्यासारखं दिसतं, पोचत नाही. म्हणून प्रत्येक पाकिटात चिठ्ठी घाला: 'नंबर सेव्ह करून नाव आणि गाव पाठवा, नवा माल आला की कळवू.' भारतात २०२३च्या सप्टेंबरपासून मिळालेलं व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल हा दुसरा मार्ग. तिथे लोकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, पण संवाद एकतर्फी. गावच्या ग्रुपवर रोज जाहिरात टाकून लोकांच्या शिव्या खाऊ नका.

गोव्याचं पंचांग

मे अखेर पुरुमेंत: लोक पावसाळ्याचं सामान भरतात. सोलं-मिरचीचे रील एप्रिलपासून हवेत, जूनमध्ये नाहीत. चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) तीन आठवडे ऑर्डरची शेवटची तारीख सांगा आणि स्टोरीत रोज उरलेल्या बरण्यांचा खरा आकडा दाखवा. माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या) फळांचा बाजार, दिवाळीच्या आदल्या रात्रीचे नरकासूर, शिगमो, जवळची जत्रा: या दिवसांत लोक फोनवर आपलंच गाव शोधत असतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मात्र स्थानिक गिऱ्हाइकासाठी सोडून द्या. तेव्हा सगळ्यांच्या फोनवर पार्ट्या आणि वाहतूक कोंडी.

ड्रोनची हौस असेल तर थांबा. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोनच्या नकाशावर जागेचा रंग आधी बघा.

पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

विकत घेतलेले फॉलोअर आणि 'तीन मित्रांना टॅग करा, बरणी जिंका' हे दोन्ही टाळा. दुसऱ्यात आलेले लोक बरणीसाठी येतात आणि निकालानंतर गप्प होतात.

बूस्ट करायचा (पैसे देऊन रील जास्त लोकांना दाखवायचा) तर चांगला चाललेलाच रील करा, उद्देश 'मेसेज' ठेवा. जागा निवडताना एक खाच आहे: इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा 'इथे राहणारे किंवा नुकतेच आलेले' असे दोन्ही एकत्र धरतं. कळंगुटवर पिन ठेवलीत की पैसे पर्यटकांवर गेले. डिचोली, फोंडा, म्हापसा अशा पिना लावा आणि कळंगुट-बागा टाळा. पाच दिवस थोडक्या पैशांत चालवून बघा, मेसेज आले तरच पुढे.

फुकट ताटाच्या बदल्यात व्हिडिओ करणारे येतील. त्यांचे फॉलोअर किती, हे विचारू नका. त्यांच्या आकडेवारीतली शहरं मागा. पहिल्या पाचांत गोवा नसेल तर नमस्कार करा. ताट किंवा पैसे दिले असतील तर व्हिडिओत ते ठळकपणे सांगणं नियमाने बंधनकारक आहे, 'पेड पार्टनरशिप' लेबल त्यासाठीच असतं. त्यापेक्षा तुमचं आगळ वापरणाऱ्या खानावळीबरोबर 'कोलॅब' पोस्ट करा: एकच रील दोन्ही खात्यांवर, कमेंटी एकत्र.

मोजमाप

शंभर फॉलोअर झाले की इन्साइट्समध्ये ते कुठले ते दिसतं. महिन्यातून एकदा शहरांची यादी बघा. मुंबई-दिल्ली वर आणि पणजी-म्हापसा खाली सरकत असेल तर कुठला रील ते करतोय ते शोधा, त्या प्रकारचे थांबवा. रीलवर लाइकऐवजी शेअर आणि सेव्ह मोजा. आणि गल्ल्याजवळ एक वही ठेवा, चार रकाने: तारीख, गाव, काय नेलं, कुठे बघितलं. चौथा रकाना विचारूनच भरावा लागतो, अ‍ॅप तो सांगत नाही.